पाठीवरचं ओझं आणि वाटेवरची चूल

१. प्रश्न साधा, उत्तर हिशेबाचं

"तीन दिवस पायी फिरायचं, तर पाठीवर किती वजन घ्यावं?" भटकंतीला नव्याने निघणारा जवळजवळ प्रत्येक जण हा प्रश्न विचारतो. त्याला बहुधा एकच ठरलेलं उत्तर मिळतं : स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त नको, म्हणजे साठ किलोंच्या माणसाने बारा किलो. आकडा चुकीचा नाही, पण त्या बारा किलोंत काय भरायचं हे तो सांगत नाही. कुठे आणि कोणत्या महिन्यात चालणार, हेही तो विचारत नाही. मग माणूस कुणाची तरी तयार यादी उचलतो. ती यादी बहुधा हिमालयासाठी केलेली असते, फार तर सह्याद्रीतल्या पावसाळी गडवाटांसाठी. म्हणून या प्रकरणात आपण एकच जिल्हा समोर ठेवून हिशेब मांडू. तो जिल्हा बुलढाणा. उत्तरेला सातपुड्याची रांग, मध्ये पूर्णेचं सपाट, काळ्या मातीचं खोरं आणि दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगरांचं पठार, असे तीन वेगळे मुलूख इथे एकाच जिल्ह्यात आहेत. हलकं चालण्याची विद्या शिकायला ही जागा चांगली आहे, कारण इथे चूक लगेच पाठीला कळते.

सॅकमधल्या वजनाचे तीन भाग पडतात. पहिला भाग मूळ वजनाचा : सॅक, अंथरूण-पांघरूण, निवारा, कपडे, भांडी, टॉर्च, औषधं. दुसरा खाण्याचा आणि इंधनाचा. तिसरा पाण्याचा. घरखर्चाशी तुलना केली तर हे चटकन समजतं. घरभाडं दरमहा ठरलेलं असतं, किराणा महिनाभरात संपत जातो आणि दूध रोज घ्यावं लागतं. मूळ वजन हे घरभाड्यासारखं, पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत तेवढंच राहतं. खाणं किराण्यासारखं, दर जेवणाला घटतं. पाणी दुधासारखं, रोज संपतं आणि रोज भरावं लागतं. नवखा माणूस फक्त घरभाडं कमी करायच्या मागे लागतो, महागडी हलकी सॅक शोधतो आणि किराण्या-दुधाचा हिशेब करत नाही.

या प्रकरणाचं म्हणणं एका वाक्यात असं : ओझ्याचा मोठा भाग ही अज्ञानाची तरतूद असते. पाणी कुठे मिळेल हे ठाऊक नसलं की माणूस दोन बाटल्या जास्त घेतो. रात्री थंडी किती पडते हे ठाऊक नसलं की जाड पांघरूण घेतो. काय खाल्ल्याने किती बळ मिळतं हे ठाऊक नसलं की डबे भरत राहतो. त्या-त्या मुलखाची माहिती जसजशी वाढते, तसतसं सामान आपोआप गळत जातं. यासाठी पैसा थोडाच लागतो. विचार मात्र ठरावीक क्रमाने करावा लागतो. आधी पाणी, मग खाणं, मग चूल आणि सगळ्यात शेवटी सामान.

२. पाणी : उकळूनही न सुधारणारं

एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. इतर कोणतीही वस्तू हलकी घेता येते, पाणी घेता येत नाही. डिसेंबर-जानेवारीत दिवसाला पंधरा-सोळा किलोमीटर चालणाऱ्या माणसाला पिण्यासाठीच तीन-चार लिटर लागतं. भर उन्हात अंगमेहनत करणाऱ्याच्या शरीरातून तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो. म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत, पूर्णेच्या खोऱ्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो तेव्हा, दिवसभर चालणाऱ्याला सहा-आठ लिटरही अपुरं पडेल. सहा लिटर म्हणजे सहा किलो. हलक्या हाताने भरलेल्या सॅकमधलं बाकी सगळं सामान मिळून तेवढं होत नाही. त्यामुळे पहिला निर्णय सामानाचा नाही, कॅलेंडरचा आहे. मार्चअखेर ते पाऊस सुरू होईपर्यंत या भागात लांब पायी फिरू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. महिना नीट निवडला की तीन किलो वजन घरीच राहतं.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. भटकंतीच्या बहुतेक मार्गदर्शनांत एक सल्ला हमखास असतो : वाटेत मिळेल ते पाणी गाळा, उकळा आणि प्या. बुलढाण्यात तो सल्ला दोन ठिकाणी कोलमडतो. पहिलं ठिकाण खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या या पट्ट्यात भूजल खारट आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतल्या कित्येक गावांना हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या भोगावा लागला आहे. दुसरं ठिकाण लोणार. उल्कापाताने काळ्या बेसॉल्ट खडकात झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर जगप्रसिद्ध आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा रामसर दर्जाही मिळाला. पण त्यातल्या सरोवराचं पाणी तीव्र क्षारयुक्त असल्याने पिण्याच्या कामाचं नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. पाण्यात दोन तऱ्हेचे दोष असतात. माती, कचरा आणि जंतू हे पाण्यात तरंगणारे दोष. ते गाळून, उकळून जातात. क्षार मात्र पाण्यात विरघळलेले असतात. चहात विरघळलेली साखर गाळणीत अडकत नाही, तसे क्षारही कापडात किंवा कँडल फिल्टरमध्ये अडकत नाहीत. उकळल्याने तर उलटंच होतं. वाफ निघून जाते, क्षार मागे राहतात आणि उरलेलं पाणी आधीपेक्षा खारट होतं. क्षार काढायला आरओसारखं यंत्र लागतं, आणि ते पाठीवर नेता येत नाही. म्हणजे खारपाणपट्ट्यातून चालताना महागडा फिल्टर हे निव्वळ ओझं आहे. तिथे उपयोगी पडते ती माहिती : नळयोजनेचं पाणी कोणत्या गावात येतं, पाण्याचे जार कुठे मिळतात, दोन गावांमधलं अंतर किती. लोणारला विवराच्या काठावर धारेचं गोडं पाणी आहे. ते ठाऊक असलेला माणूस विवरात उतरताना फक्त तेवढ्या तासांपुरतं पाणी नेईल. सातपुड्यातल्या वाटांवर मात्र झऱ्या-ओढ्यांचं पाणी गाळून, उकळून चालतं; फक्त हिवाळा सरता-सरता ते आटतात, हे लक्षात ठेवावं. एकाच जिल्ह्यात पाण्याचे तीन कायदे आहेत, आणि ते समजून घेतल्याशिवाय बाटल्या किती घ्यायच्या हे ठरवता येत नाही.

३. खाण्याचं वजन आणि खाण्यातलं बळ

आता खाणं. अन्नातली ऊर्जा कॅलरीत मोजतात. रोजच्या व्यवहारात आपण ज्याला एक कॅलरी म्हणतो, ती म्हणजे एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता. हे माप लक्षात ठेवा, चुलीच्या हिशेबातही तेच कामाला येणार आहे. ओझं घेऊन दिवसभर चालणाऱ्या माणसाला साधारण २,८०० ते ३,००० कॅलरी लागतात. त्या किती वजनातून मिळतात, हा खरा प्रश्न. पिठूळ आणि गोड पदार्थांतून व डाळींतून ग्रॅममागे सुमारे चार कॅलरी मिळतात. तेला-तुपातून नऊ. पाण्यातून शून्य. म्हणून कोणताही पदार्थ उचलताना दोन प्रश्न विचारावेत : यात पाणी किती आणि स्निग्धांश किती?

या दोन प्रश्नांनी आपलं नेहमीचं जेवण तपासून पाहू. शिजलेल्या भातात दोन-तृतीयांशाहून जास्त भाग पाण्याचा असतो. त्याच्या १०० ग्रॅममधून सुमारे १३० कॅलरी मिळतात. ज्वारीच्या भाकरीतून दोनशेच्या थोड्या वर. वांगी, टोमॅटो, काकडी यांच्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच. याउलट गूळ ३८०, फुटाणे ३७०, सातूचं पीठ सुमारे ४००, शेंगदाणे आणि तीळ ५७० च्या आसपास, सुकं खोबरं साडेसहाशेच्या पुढे. म्हणजे शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत जेवढं बळ आहे, तेवढ्यासाठी चारशे ग्रॅमहून जास्त भात वाहावा लागेल. वजनाबरोबर जागेचाही विचार हवा. मुरमुरे वजनाला हलके आहेत, पण पाव किलो मुरमुरे सॅकमध्ये बरीच जागा अडवतात. मोठ्या जागेला मोठी सॅक लागते आणि मोठी सॅक जड असते. म्हणून मुरमुरे मुक्कामी विकत घ्यावेत, पाठीवर नेऊ नयेत.

एका दिवसाची शिदोरी मांडून पाहू. सातूचं पीठ १०० ग्रॅम, गूळ ८०, शेंगदाणे १००, फुटाणे ६०, सुकं खोबरं ३०, पोहे ८०, मूगडाळ-तांदूळ १५०, तेल किंवा तूप ३० आणि जवसाची किंवा तिळाची चटणी ३०. बेरीज ६६० ग्रॅम. मिळणाऱ्या कॅलरी सुमारे २,९००. तीन दिवसांचे दोन किलो. तेवढीच ऊर्जा भाकरी, भाजी, उकडलेले बटाटे आणि फळं यांतून घ्यायची, तर ग्रॅममागे सरासरी दोन कॅलरी धरून दिवसाला जवळजवळ दीड किलो लागेल, तीन दिवसांचे साडेचार किलोंच्या आसपास. नुसत्या निवडीने अडीच किलोंच्या जवळपास फरक पडला.

इथे चाणाक्ष वाचक एक आक्षेप घेईल, आणि तो रास्त आहे. कोरडी मूगडाळ हलकी खरी, पण तिची खिचडी करायला सहा-सातशे मिलिलिटर पाणी लागणारच. ते पाणी पाठीवरच न्यायचं असेल, तर कोरड्या अन्नाने वाचवलं काय? बरोबर. डाळीतून काढलेलं पाणी बाटलीत भरलं तर ओझं तेवढंच राहतं. बाहेरच्या पुस्तकांत कोरड्या अन्नाची स्तुती असते, कारण तिथे दर काही किलोमीटरवर ओढा गृहीत धरलेला असतो. आपल्याकडे म्हणून अन्नाचे तीन वर्ग करावे लागतात. पहिला, पाणी पोटात घेऊनच येणारं : भाकरी, भाजी, फळं. दुसरा, कोरडं पण पाणी मागणारं : डाळ, तांदूळ, रवा. तिसरा, कोरडं आणि तसंच खाता येणारं : शेंगदाणे, गूळ, फुटाणे, खोबरं, चटण्या. वजन खऱ्या अर्थाने वाचतं ते तिसऱ्या वर्गात. दुसऱ्या वर्गाचा फायदा फक्त पाणी हाताशी असलेल्या जागी मिळतो. पहिला वर्ग निघाल्यापासूनच्या पहिल्या जेवणापुरता ठेवावा. घरची ताजी भाकरी-ठेचा दुपारपर्यंत पोटात जातो, तेव्हा त्याच्या वजनाची चिंता नको.

४. चूल : उष्णतेचा हिशेब

एक लिटर पाणी पंचवीस अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला सुमारे ७३ ते ७५ कॅलरी लागतात. वीस ग्रॅम शेंगदाण्यांत याहून जास्त ऊर्जा आहे! स्पिरिटच्या एका ग्रॅममध्ये साडेसहाच्या आसपास कॅलरी असतात, पण उघड्यावरच्या छोट्या बर्नरची निम्मी उष्णता वाऱ्यावर जाते. म्हणजे लिटरभर पाणी उकळायला साधारण पंचवीस ग्रॅम स्पिरिट पुरतं. भांड्यावर झाकण आणि भोवती पत्र्याचा किंवा दगडांचा आडोसा असेल तरच हा आकडा खरा. नाहीतर खर्च दुप्पट होतो. या हिशेबातून एक मोठा धडा मिळतो. पाणी उकळणं स्वस्त आहे, उकळत ठेवणं महाग आहे. तुरीची डाळ उघड्या भांड्यात पाऊण तास शिजवायची, तर इंधन कित्येक पटींनी जातं. त्यात खारट, जड पाणी असलं की डाळ आणखी उशिरा शिजते; खारपाणपट्ट्यातल्या घरांना हे सांगायला नको.

मग प्रेशर कुकर न्यावा का? हिमालयात चार हजार मीटरवर पाणी ८७ अंशांच्या आसपास उकळतं, तिथे डाळ-तांदूळ कच्चे राहतात आणि कुकरची गरज समजते. बुलढाणा शहर साडेसहाशे मीटरच्या जवळपास उंचीवर आहे; तिथे पाणी अठ्ठ्याण्णव अंशांना उकळतं. दोन अंशांच्या फरकासाठी दीड-दोन किलोंचा कुकर पाठीवर घेण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा पदार्थ बदलावा. तूर सोडून मूग घ्यावा. मूगडाळ-तांदूळ अर्धा तास भिजवावेत, झाकण ठेवून पाच-सात मिनिटं खळखळून उकळावेत, आच बंद करून भांडं चादरीत किंवा शालीत घट्ट गुंडाळून अर्धा तास ठेवून द्यावं. आतल्या उष्णतेवरच खिचडी शिजते. दुसरा मार्ग कष्ट घरी करून घेण्याचा. बेसन घरीच खरपूस भाजून, त्यात मोहरी-जिऱ्याची फोडणी, तिखट, मीठ, लसणाची पूड घालून डबीत भरलं, तर वाटेवर उकळत्या पाण्यात पाच मिनिटांत पिठलं तयार होतं. भाजलेला रवा, भाजलेलं सातू, कुटलेली चटणी या सगळ्यामागे तत्त्व एकच आहे : इंधन घरच्या गॅसचं जाळायचं, पाठीवरचं नाही. अर्थात घरी भाजण्या-दळण्याचं काम कुणाला तरी करावंच लागतं. जो चालणार, त्यानेच ते करावं. त्यामुळे आपल्या शिदोरीत काय आहे आणि किती, हेही त्याला पक्कं कळतं.

वऱ्हाडातल्या वाचकाला इथे रोडगे आठवतील. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरावर भाजायचे, राख झटकायची, वर तूप आणि सोबत वांग्याची भाजी. रोडग्यांना तवा लागत नाही, हे खरंच. पण त्यांना गोवऱ्यांचा ढीग आणि दोन तास लागतात. दहा-वीस माणसांच्या मुक्कामी पंगतीसाठी त्याला तोड नाही. रोज पुढे सरकणाऱ्या दोघा-तिघांसाठी ते जमणारं नाही. शिवाय जंगलात उघडा जाळ करूच नये. बुलढाणा आणि खामगावच्या मधलं ज्ञानगंगा आणि सातपुड्यातलं अंबाबरवा ही दोन अभयारण्यं या जिल्ह्यात आहेत. तिथे परवानगीशिवाय प्रवेश किंवा मुक्काम नाही, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अभयारण्याला धोका होईल असा जाळ पेटवायला मनाई आहे. कायदा बाजूला ठेवला तरी कारण डोळ्यांना दिसतं. सागाचं पानझडी जंगल हिवाळ्याअखेर वाळलेल्या पानांनी गुडघाभर भरतं, आणि एका ठिणगीला तेवढं पुरतं. ज्ञानगंगेतच २०१९ च्या अखेरीस टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ येऊन पोहोचला. वाटेत त्याने तेराशे किलोमीटरहून जास्त अंतर कापल्याची नोंद त्याच्या गळ्यातल्या रेडिओ कॉलरने केली. अशा जंगलातून जाताना आपला स्वयंपाक ही त्याच्यावरची आपत्ती होता कामा नये.

चुलीची निवड करताना प्रवासाचाही विचार करावा. शेगाव, नांदुरा, मलकापूर ही स्थानकं मुंबई-हावडा मार्गावर आहेत आणि बाहेरून येणारे बरेच जण रेल्वेने येतात. रेल्वेत गॅसची कॅन किंवा स्पिरिटसारखं ज्वालाग्राही इंधन न्यायला बंदी आहे. कॅम्पिंगची छोटी गॅसकॅन तालुक्याच्या गावी मिळण्याची शक्यताही कमी. म्हणून इंधनावर भिस्त असलेली योजना स्टेशनवरच अडखळते. न शिजवता खाता येणारी शिदोरी मुख्य आणि चूल दुय्यम ठेवली, तर हा प्रश्न उरत नाही. स्पिरिट वापरलंच, तर दोन इशारे : दिवसाउजेडी त्याची ज्योत दिसत नाही, त्यामुळे बर्नर विझला असं समजून पुन्हा ओतू नये, आणि ते विषारी असल्याने पाण्यासारख्या बाटलीत भरू नये.

५. जिथे पाणी, तिथे चूल

आता हे सगळे धागे एकत्र आणू. दिवसाची आखणी अशी करता येते. सकाळी मुक्कामाच्या गावातच, पाण्याजवळ, पोहे किंवा पिठलं करून खावं. पोहे भिजवायला पाणी थोडंच लागतं आणि आच जवळजवळ लागत नाही. दिवसभर चूल पेटवायची नाही. तासा-दीड तासाने मूठभर शेंगदाणे-गूळ, फुटाणे, खोबरं. दुपारी सातूचं पीठ गूळ घालून कालवायचं. त्याला जे पाणी लागतं ते शेवटी पोटातच जातं, वाया जात नाही. संध्याकाळी पाण्याची चांगली जागा लागली की तिथेच थांबून खिचडी करावी, जेवावं, एकच भांडं घासावं, बाटल्या भराव्यात आणि उजेड असेल तर आणखी थोडं चालून मुक्काम करावा. स्वयंपाकाची जागा आणि झोपायची जागा एकच असली पाहिजे, हा आपला घरगुती समज आहे. तो सोडला की स्वयंपाकाचं आणि भांडी घासायचं दीड-दोन लिटर पाणी पाठीवर न्यावं लागत नाही.

या पद्धतीत नवीन थोडंच आहे. सातू, दशम्या, गूळ-शेंगदाणे, जवसाची-तिळाची चटणी, वाळवून केलेली भाजी ही आपल्याकडच्या बैलगाडीच्या आणि यात्रेच्या काळातली शिदोरी. भाजल्याने पाण्याचा अंश गेला की पदार्थ टिकतो, आणि त्याच वेळी हलकाही होतो. टिकाऊपणासाठी केलेल्या या पदार्थांत हलकेपणा आपोआप आला. तीळ, जवस, भुईमूग, हरभरा ही या मातीतली पिकं आहेत. डबाबंद आयात पदार्थांना नावं ठेवायची गरज नाही. पण वजन आणि कॅलरींचा तराजू मांडला, तर आपली कुटलेली चटणी त्यांच्यापुढे कुठेही कमी पडत नाही.

६. आता सामान

सामानाचा विचार शेवटी का, हे आता स्पष्ट होईल. पाणी आणि खाणं ठरलं की किती भांडी हवीत हे ठरतं, भांडी ठरली की सॅक केवढी हवी हे ठरतं. सॅक सगळ्यात शेवटी घ्यावी. साधारण दिसणारा संच असा असतो : सॅक सव्वादोन किलो, तंबू तीन, स्लीपिंग बॅग पावणेदोन, मॅट अर्धा, कपडे दोन, स्टोव्ह-भांडी दीड, किरकोळ एक. एकूण बारा किलो, आणि अजून पाण्याचा थेंबही भरलेला नाही. आता डिसेंबरातला बुलढाणा डोळ्यांसमोर आणा. पाऊस जवळजवळ नाही, पठारावर पहाटे गारठा असतो पण बर्फ पडत नाही, गावं जवळजवळ आहेत. तंबूऐवजी ताडपत्रीचा हलका तुकडा आणि मच्छरदाणी, एक किलोच्या आत. स्लीपिंग बॅगऐवजी पातळ रजई आणि शाल, एक किलो. मॅट पाव किलो, एक बदलीचा जोड आणि एक गरम कपडा मिळून एक किलो, एक पातेलं-झाकण-बर्नर अर्धा किलो, किरकोळ पाऊण. हे सगळं किलोभराच्या साध्या सॅकमध्ये मावतं. बेरीज साडेपाच किलोंच्या आत. दोन किलो खाणं आणि तीन लिटर पाणी धरूनही साडेदहा. आधीच्या संचाने एवढं वजन रिकाम्या पोटीच ओलांडलं होतं.

एका वस्तूचे अनेक उपयोग शोधणं ही या सगळ्यामागची युक्ती आहे. मेंढपाळाची घोंगडी पावसात छप्पर, रात्री अंथरूण आणि थंडीत पांघरूण होते. ती वजनाला जड असली तरी तिच्यामागचा विचार हलका आहे. शाल पांघरताही येते आणि खिचडीचं भांडंही गुंडाळता येतं. पायातल्या वजनाची काळजी मात्र वेगळी घ्यावी. पाऊल दर वेळी उचलावं लागतं, म्हणून बुटातलं वजन पाठीवरच्या वजनाहून कित्येक पटींनी जास्त दमवतं. काळ्या मातीच्या आणि मुरमाच्या या वाटांवर जाड चामडी बुटांपेक्षा चांगल्या तळव्याचे हलके बूट पुरतात.

७. आक्षेप आणि उत्तरं

पहिला आक्षेप : हलकं सामान महाग असतं. काही वस्तू महाग आहेत, पण वरच्या हिशेबात वजन कमी झालं ते बहुतांशी वस्तू वगळून आणि घरच्याच वस्तू घेऊन. अमेरिकेतल्या एमा गेटवुड यांचं उदाहरण इथे बोलकं आहे. १९५५ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्यांनी अ‍ॅपलाचियन ट्रेल ही तीन हजार किलोमीटरहून लांब वाट एकटीने पूर्ण केली. खांद्यावर स्वतः शिवलेली कापडी पिशवी, पायात कॅनव्हासचे बूट, पावसाला न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा आणि खायला मनुके-दाण्यांसारखे न शिजवायचे पदार्थ. त्या वाटेवर बाईने एकटीने, एका हंगामात, सलग चालत जाण्याची ती पहिली नोंद मानली जाते. हलक्या सामानाचा बाजार उभा राहण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

दुसरा आक्षेप : वारकरी तर पाठीवर काहीच न घेता जातात, मग एवढा हिशेब कशाला? शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानची पालखी दरवर्षी आषाढीसाठी पंढरपूरला पायी जाते. सुमारे महिनाभर, शेकडो वारकरी. त्यांचं सामान वाहनांतून पुढे जातं, मुक्काम ठरलेले असतात आणि वाटेवरची गावं जेवू घालतात. ओझं नाहीसं झालेलं नाही, ते व्यवस्थेने उचललं आहे. या उदाहरणातून उलट आपलाच मुद्दा पक्का होतो. पुढचं जेवण आणि पुढचं पाणी कुठे आहे हे आधीच ठरलेलं असलं की पाठ मोकळी होते. एकट्या-दुकट्या भटक्यालाही याचा अंश साधता येतो. कोणत्या गावचा आठवडी बाजार कोणत्या वारी आहे, किराणा दुकान कुठे आहे, हे पाहून निघालं तर तीन दिवसांचं खाणं एकदम वाहायची गरज सातपुड्यातल्या वाटांखेरीज कुठे उरत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात गंभीर : हलकेपणाच्या नादात सुरक्षितता जाते. जाऊ शकते, म्हणून काय कमी करायचं नाही हेही पक्कं असावं. पाणी, टॉर्च, प्रथमोपचार, शिट्टी आणि मीठ-साखर या पाच गोष्टींना कात्री लावू नये. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातलं की जलसंजीवनी तयार होते. पन्नास ग्रॅमच्याही आतल्या या सामग्रीने उन्हात जीव वाचू शकतो. हलकेपणा म्हणजे गरजेच्या वस्तूंची काटछाट नव्हे. गरज कोणती आणि भीती कोणती, हे वेगळं करणं म्हणजे हलकेपणा. कमी ओझ्याचा माणूस कमी दमतो, त्याचा पाय कमी घसरतो आणि तो उजेडात मुक्कामी पोहोचतो. ही सुरक्षितताही हिशेबात धरायला हवी.

चौथा आक्षेप मनाचा आहे : थंडीत दमून आल्यावर गरम जेवण नको का? हवंच. म्हणूनच रात्रीची खिचडी हिशेबात ठेवली आहे. सरसकट थंड खाण्याचा हट्ट धरणाऱ्यांशी हे प्रकरण सहमत नाही. दिवसातून एकदा, पाण्याजवळ, एका भांड्यात शिजलेलं गरम अन्न अर्ध्या किलोच्या सामानात मिळत असेल, तर तेवढं वजन सार्थकी लागलं असं समजावं.

निघण्याआधी एक काम अवश्य करा. स्वयंपाकघरातला तराजू घ्या, सॅकमधली एकेक वस्तू त्यावर ठेवा आणि तिच्यापुढे कागदावर वजन लिहा. परत आल्यावर जी वस्तू एकदाही वापरली गेली नाही, तिच्यावर खूण करा. टॉर्च, औषधं, शिट्टी आणि मीठ-साखर सोडून खूण झालेली प्रत्येक वस्तू पुढच्या वेळी घरी ठेवा.